रफीकभाईंचा खरा आकडा

आमच्या रफीकभाईंना लग्नाची पत्रिका द्यायची म्हणजे डोक्याला ताप. पत्रिका हातात पडली, की मुहूर्त नाही, नवरा-नवरी नाही, पहिला सवाल, "एका टायमाले किती बसतीन?"

"सारं गाव येईन नं भाई."

"गाव येऊ दे बे! एका टायमाले किती बसतीन ते सांग!"

उत्तर आलं नाही तर लग्नघरच्या माणसावर खेकसतात. परक्याच्या लग्नात! त्यांच्या अब्बांनी पिंपळगाव राजाच्या आसपास जन्मभर दावतींच्या जेवणाच्या मोठमोठ्या देगा उतरवल्या. बोलावलेले मोजू नये, बसणारे मोजावे, हे अब्बांचं म्हणणं. भाईंनी तेच कॉम्प्युटरला लावलं, एका वेळी किती जण वापरतात तेवढंच मोजायचं.

मलकापूरला आमची कापसाची जिनिंग मिल आहे. मी तिथं हिशेब पाहते आणि भाई कॉम्प्युटर खात्याचे प्रमुख. खातं म्हणजे ते एकटेच. खरेदी, साठा, पगार, वजनकाटा, सगळं एकाच सॉफ्टवेअरवर चालतं आणि ते सॉफ्टवेअर एका सर्व्हरवर. त्या सर्व्हरच्या खोलीत एसी आहे. आम्हाला पंखा, तोही कुरकुरणारा.

आणि काय तो माणसाचा जाच! चहाला उठताना लॉगिन उघडं राहिलं, की आलेच अंगावर. "जेवण झालं नं ताई? मंग पानावरून उठा नं! दुसरा ताटकळून राह्यला!" एकदा तर माझी अर्धी एन्ट्री तशीच उडवली. तेव्हा मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दरसाल कापूस यायच्या आधी, सर्व्हरला किती मेमरी लागेल, किती जागा लागेल, याचा आकडा भाई आमच्या मालकांना, शेठना देत. दरसाल दुप्पट सांगत. शेठ तो निम्मा करत. दोघं तावातावानं भांडत आणि शेवटी लागेल तेवढंच बरोबर मिळे. बाजारात भाव करतात तसंच.

यंदा शेठना काय अवदसा आठवली कोण जाणे! साऱ्या ऑफिससमोर म्हणाले, "रफीक, तू मले दरसाल बनवतं. यंदा इमानानं सांग."

भाईंना ते झोंबलं. त्यांनी खरा आकडा दिला. "खुदा कसम शेठ, याच्यात एक दाणा जास्तीचा नाही."

शेठनी तो निम्मा केला!

अहो, सवय! हाताला वळणच पडलेलं. भाई केबिनमधून ओरडतच बाहेर आले, "कसम खाऊन सांगितलं नं बे मी! कसम खाऊन!" पण तोवर ऑर्डर गेली होती.

पहिल्या मोठ्या आवकीला व्हायचं तेच झालं. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागल्या आणि नेमका त्याच वेळी शेठनी केबिनमध्ये बसून साऱ्या सालाचा रिपोर्ट लावला. सर्व्हर गपकन बसला. काट्यावरून वजनाची पावती निघेना, आणि पावतीशिवाय गाडी हलेना. सकाळपासून उपाशी उभे असलेले लोक काट्याच्या खिडकीवर धावून गेले. आत आमची वंदना इंगळे, पोटुशी बाई. लोक काचेवर मुठी हाणत होते.

इकडे भाईंनी एकेकाला सॉफ्टवेअरबाहेर काढायला सुरुवात केली. पगारवाले गेले, मी गेले, शेवटी शेठचा रिपोर्टही बंद. शेठ लालबुंद होऊन आले. "माह्या मिलमंधी मलेच बाहेर काढतं?"

"दावतीत घरचा माणूस शेवटी जेवते, शेठ! गुमान बसा!"

मालकाला गुमान बसा! मला तर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण अडकलेला सर्व्हर मोकळा व्हायला वेळ लागणार होता. भाई तरातरा काट्याकडे निघाले. मीही मागं गेले. आज त्या लोकांना शेठचं नाव सांगायचंच, असं ठरवूनच गेले.

जाऊन पाहते तर भाईंनी वंदनाला मागच्या दारानं बाहेर काढलेलं, आणि स्वतः खिडकीला पाठ लावून गर्दीसमोर उभे. "चूक माही हाय. आकडा म्या चुकवला. काय बोलाचं ते मले बोला!"

लोक बोलले. आईबहिणीवरून बोलले. एकानं कॉलर धरली, बटणं तुटली. चहापुरत्या उघड्या लॉगिनवरून भांडणारा हा माणूस हात मागं बांधून ऐकत राहिला. पार काटा सुरू होऊन गाड्या हलेपर्यंत.

मग मात्र मी फाडकन विचारलं, "काऊन खोटं बोलले हो? शेठचं नाव घ्यायला काय झालं होतं?"

"शेठ तिकडं केबिनीत हाय, ताई," ते म्हणाले. तेही न ओरडता. "नाव त्याचं घेतलं असतं, तरी दगड या खिडकीवरच आला असता."

मग इकडंतिकडं पाहत त्यांनी विचारलं, "वंदनाले घरी कोणी सोडलं?"

कोणीच सोडलं नव्हतं. ती एकटी फाटकापाशी उन्हात रिक्षाची वाट पाहत उभी होती. मला आम्हा सगळ्यांचा असा संताप आला, की मी सरळ शेठच्या ड्रायव्हरकडे गेले आणि म्हटलं, "गाडी काढ. शेठ जाईल पायी."