टँकरला न ऐकवलेला ठराव

ठराव टँकरला ऐकवायचं राहून गेलं होतं, आणि त्यामुळं सबंध वाघजाळीत तो एकच टँकर अजून इंजिनातल्या ऑइलच्या पातळीप्रमाणे डिझेल खात होता.

बाकीच्या गाड्यांचा प्रश्न मिटला होता. दिवाळीनंतरच्या सभेत नगरपरिषदेनं एकमतानं ठरवलं, की इंजिनात ऑइल कमी असो वा जास्त, त्याचा गाडीच्या अ‍ॅव्हरेजशी काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची घंटागाडी रिवाजाप्रमाणे गल्लोगल्ली फिरली, भोंग्यावरून ठराव वाचला गेला, आणि ज्या ज्या गाडीनं तो ऐकला, तिचा ऑइलशी संबंध तिथंच तुटला. तेव्हापासून गावातल्या रिक्षा, टेम्पो, दूधवाल्यांच्या मोटारसायकली ऑइलचा थेंब न मागता पहिल्याइतक्याच धावत होत्या. बाजारपेठेतल्या दुकानदारानं ऑइलचे डबे परत पाठवून त्या फळीवर लोणच्याच्या बरण्या मांडल्या.

वाघजाळीत ठराव असेच लागू होत. ज्याच्याबद्दल आहे त्याच्या कानावर पडला, की झालं. रस्ते खड्डेमुक्त असल्याचा ठराव वाचल्यापासून खड्डे होते तिथंच होते, पण कुणाची कंबर दुखत नव्हती. वाचणाऱ्याला तेवढा ठराव लागू होत नसे, कारण वाचणारा ऐकत नसतो. पण वाचणारा गावात एकच होता आणि त्याची चौकशी कुणी केली नव्हती.

टँकरला ठराव कळला नाही, कारण घंटागाडी फिरते त्या वेळी तो टेकडीवस्तीवर असायचा आणि घंटागाडी टेकडीवस्तीवर जात नसे. चढ फार, आणि वस्तीवर फेकण्यासारखा कचरा होत नाही, अशी दोन कारणं दिली जात. दोन्ही खरी होती.

पाणीपुरवठ्याची अभियंता वैजयंती सपताळे रोज सकाळी टँकरच्या केबिनमध्ये बसून वर जायची. कॉलेजात असताना ती प्रत्येक मोर्चात पुढं असायची, घोषणा देऊन देऊन तिचा घसा बसायचा. नोकरी लागल्यापासून घसा ठणठणीत होता. एवढी एक सुधारणा सोडली, तर आपण इथं येऊन नेमकं काय बदललं, हे तिला सांगता आलं नसतं.

त्या दिवशी ड्रायव्हर इनूस शिकलगारनं बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बाहेर काढली, फडक्यानं पुसली, परत घातली, परत काढली आणि तिच्यासमोर धरली. पट्टीवर दोन खुणा होत्या. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला चिकटलेलं होतं.

"बघा. तळाला गेलंय," इनूस म्हणाला. "इंजिन आतल्या आत घासतंय. चढावर नुसतं कण्हतं. डिझेल पिणार नाही तर काय करणार बिचारा?"

"गावातल्या गाड्या तर ऑइलशिवाय पळतायत, इनूसभाई."

"त्यांना सांगितलंय. ह्याला कुणी सांगितलंय?"

टँकरला रोज ठरलेलं डिझेल मिळायचं. त्यात पूर्वी वस्तीच्या तीन खेपा व्हायच्या. आता दोन होत होत्या. तिसरी खेप मागच्या आळीची होती, आणि मागच्या आळीत पाण्याची भांडी चार दिवस उन्हात उपडी पडली होती.

मागच्या आळीची मालनबाई कमरेवर रिकामी घागर घेऊन केबिनच्या दाराशी आली. "म्याडम, आज तरी आमचा नंबर हाय का?"

"बघते, मालनताई."

"चार दिस तुमी बघतायच. आता डोळं दुखायला लागलं असतील तुमचं."

मागं उभ्या असलेल्या बायका हसल्या. वैजयंतीही हसली. हसायला फारसं बळ लागलं नाही, पण होतं नव्हतं तेवढं लागलं.

दुपारी ती मुख्याधिकारी नाडगौडा साहेबांसमोर उभी राहिली. साहेब सभ्य होते. ते कुणावर ओरडत नसत, त्यामुळं त्यांच्याशी भांडता येत नसे.

"टँकरला ऑइल पाहिजे, सर."

"कशासाठी?"

"अ‍ॅव्हरेज सुधारण्यासाठी."

"त्याचा संबंध नाही." साहेबांनी चष्मा पुसला. "ठराव आहे. मग मी ऑइल कोणत्या कारणानं घेऊ? उद्या तुम्ही म्हणाल, अ‍ॅव्हरेजसाठी टँकरला झेंडूचा हार घाला."

"पण टँकरनं ठराव ऐकलेला नाही, सर."

"मग ऐकवा. तुमची तक्रार रास्त आहे. माहिती मिळणं हा टँकरचा हक्क आहे."

वैजयंतीला बऱ्याच दिवसांनी थोडी हुशारी वाटली. "मग उद्या सकाळी टँकर खालीच थांबवते. घंटागाडी शेजारून जाईल तेव्हा ऐकेल तो."

"तसं चालत नाही. ज्याला त्याला ठराव त्याच्या कामाच्या ठिकाणी ऐकवायचा असतो. टँकरचं कामाचं ठिकाण टेकडीवस्ती. खाली तो फक्त झोपायला येतो." साहेबांनी चष्मा चढवला. "घंटागाडीच वर पाठवू. आणि ती पहिल्यांदाच वर जाते आहे, म्हणजे तिथले राहिलेले सगळे ठराव क्रमानं वाचावे लागतील. मधलाच एक उचलून वाचता येत नाही."

"पहिला कोणता आहे?"

"टेकडीवस्ती टंचाईमुक्त असल्याचा. मागच्या वर्षीचा आहे."

वैजयंतीनं वॉर्ड नंबर तीन पाहिला होता. तो वॉर्ड टंचाईमुक्त झाल्याचं भोंग्यावरून वाचलं, त्या दिवसापासून तिथं कुणाला तहान लागत नव्हती. नळ कोरडे होते, पण नळाशी कुणी येत नव्हतं. माणसं ओट्यावर शांत बसलेली असत. ओठांना भेगा, बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची, तरी तक्रार एकही नाही. दारातल्या तुळशी मात्र वाळून गेल्या. ठराव नागरिकांबद्दल होता, तुळशींना तो लागू नव्हता.

"सर, ठराव ऐकवायची घाई नको," ती म्हणाली. "मी दुसरं काहीतरी बघते."

"बघा. पण टँकरचं अ‍ॅव्हरेज असंच राहिलं, तर मला ऐकवावंच लागेल. माझाही नाइलाज आहे."

रविवारी ती एसटीनं तालुक्याला गेली आणि पिशवीत ऑइलचा मोठा डबा घालून आणला. परतीच्या वाटेवर शेजारच्या बाईनं विचारलं, गोडंतेल का? वैजयंती हो म्हणाली. समजावून सांगायचा तिला कंटाळा आला होता.

सोमवारी टँकर वस्तीवर पोचला, तेव्हा इनूस नळी जोडून पाणी सोडण्यात गुंतला होता. डबा मालनबाईच्या हाती गेला. "ह्यो टँकरला पाजायचाय, मग तुमची खेप हुईल," इनूसनं एवढंच सांगितलं आणि तोंड कुठं ते बोटानं दाखवलं. नेमकी तिथंच चूक झाली. टेकडीवस्तीत कुठलंही भांडं उणं भरत नाहीत. घागर असो, तांब्या असो, वाटी असो, काठोकाठ भरायची, वर फुगवटा आला की मगच थांबायचं. अर्धं भांडं भरणाऱ्या सुनेला तिथं नावं ठेवतात. बायकांनी टँकरलाही आपल्याच रिवाजानं वागवलं. डबा उपडा केला, शेवटचा थेंब निथळेपर्यंत धरला.

इनूसनं पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर चढलं होतं.

"काय हे, मालनबाई!"

"उपाशी जीवाला हात आखडून वाढू व्हय?"

"अहो, जास्त झालं तरी तेच. आत ताक घुसळल्यागत घुसळतंय, फेस येतोय, सगळी ताकद त्यातच जातीय."

टँकर निघाला तो धूर ओकत निघाला. जड झालेलं इंजिन आपलंच ऑइल ढवळत राहिलं, आणि त्या दिवशी दुसरी खेप अर्ध्या चढावरूनच माघारी न्यावी लागली. गावातल्या लोकांनी टेकडीवरचा काळा धूर पाहिला. नाडगौडा साहेबांनीही पाहिला.

संध्याकाळी त्यांनी वैजयंतीला बोलावलं. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "ऑइल कमी असताना अ‍ॅव्हरेज कमी. जास्त झालं, तर आणखी कमी. म्हणजे टँकर अजून जुन्याच समजुतीत आहे. ह्यात त्याचाही दोष नाही. उद्या घंटागाडी वर जाईल."

"सर, वस्तीवरच्या लोकांना तहान लागते."

"म्हणून तर. लागायची बंद होईल."

पूर्वी तिनं टेबलावर मूठ आपटली असती. आता तिला टेबल दूर वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे इनूसनं टँकरच्या पोटाखाली शिरून खालचा नट सैल केला आणि जादा ऑइल डब्यात उतरवलं. पट्टी पुसली, बुडवली, काढली. ऑइल दोन खुणांच्या मधोमध होतं.

"बसा," तो म्हणाला. "भोंगा यायच्या आत होतील तेवढ्या खेपा मारू."

टँकर कण्हला नाही. चढावर त्यानं एकदाच गिअर मागितला. पहिली खेप झाली, दुसरी झाली, आणि डिझेलचा काटा पाहून इनूस तिसऱ्या खेपेला वळला. मागच्या आळीत घागरी, कळशा, बादल्या, पातेली, बाळाला न्हाऊ घालायचा एक जुना टबसुद्धा ओळीनं लागले होते. पाणी सुटलं. कुणी ओरडलं नाही, कुणी ढकललं नाही. सगळ्यांचं लक्ष भांड्यात वर चढणाऱ्या पाण्याकडं होतं.

तेवढ्यात खालून घंटा ऐकू आली.

घंटागाडी पहिल्यांदाच टेकडी चढत होती. ती दिसत नव्हती, पण तिचं इंजिन ऐकू येत होतं आणि ते ऐकवत नव्हतं. वळणापाशी ती आली तसा भोंगा खरखरला.

"टेकडीवस्तीच्या नागरिकांना कळवण्यात येतं की..."

वैजयंती टँकरच्या चाकाला टेकून उभी होती. थांबवावं असं काही तिच्या हातात नव्हतं. मालनबाईची घागर गळ्यापर्यंत आली होती. तिनं ती नळीखालून काढली नाही.

"...की टेकडीवस्ती..."

मग लोखंडावर लोखंड घासल्याचा लांब आवाज आला, एक दणका बसला, आणि सगळं गप्प झालं.

इनूसनं नळीचा कॉक न सोडता मान वळवली. "इंजिन जाम झालं," तो म्हणाला. "दिवाळीपासून ऑइल नाही तिच्यात."

"पण तिनं तर ठराव सगळ्या गावाला वाचून दाखवला."

"तिनं वाचला, मॅडम. ऐकला कुठं?"

थोड्या वेळानं घंटागाडीचा ड्रायव्हर अण्णाप्पा चालत वर आला. भोंग्यावर ठराव वाचायचा तोच. सडपातळ, पन्नाशीचा माणूस, खाकी शर्ट पाठीला चिकटलेला. वॉर्ड तीनमध्ये राहायचा. त्यानं वैजयंतीला नमस्कार केला.

"भोंगा इंजिनावर चालतो," तो म्हणाला. "गाडी बंद, भोंगा बंद. तोंडी वाचलेलं धरत नाहीत. तुमच्याकडं जादा ऑइल दिसतंय. थोडं दिलंत, तर बघतो सुरू होते का. तेवढा ठराव वाचून मोकळा होतो."

डबा टँकरच्या पायरीवर, त्याच्या डोळ्यासमोरच होता. वैजयंतीनं डब्याकडं पाहिलं. मग तिनं नाडगौडा साहेबांच्या मऊ आवाजात सांगितलं, "मला देता येणार नाही, अण्णाप्पा. ऑइलचा आणि गाडीचा संबंध नाही. कोणत्या कारणानं देऊ?"

अण्णाप्पानं विचार केला. "बरोबर आहे," तो म्हणाला. त्याला राग आला नाही. तो दगडावर बसला आणि वळणाकडं, गाडी होती त्या दिशेला बघत राहिला.

मालनबाईनं भरल्या घागरीत तांब्या बुडवला आणि त्याच्यापुढं धरला. तांब्या काठोकाठ होता, वर फुगवटा होता.

"नको बाई," अण्णाप्पा म्हणाला. "आम्ही वॉर्ड तीनचे. आम्हाला तहान लागत नाही."

"न्हाई तर न्हाई. टेकडी चढून आलेल्याला पाणी देत्यात हितं. तहान लागू नायतर नगं लागू."

मान राखायला म्हणून त्यानं तांब्या घेतला. पहिला घोट त्यानं सावकाश घेतला. मग मान मागं टाकून त्यानं सगळा तांब्या रिकामा केला, आणि परत पुढं केला. मालनबाईनं तो परत भरला. तोही संपला. तिसऱ्या तांब्याला पाणी त्याच्या हनुवटीवरून गळ्यात, गळ्यावरून शर्टात उतरलं आणि त्यानं ते पुसलं नाही. मागच्या आळीच्या बायका भांडी भरायची थांबून बघत राहिल्या.

इनूसनं कॉक बंद केला. टँकर रिकामा झाला होता. भांडी भरलेली होती.

अण्णाप्पानं तांब्या मालनबाईच्या हातात परत दिला, वैजयंतीकडं वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, हे खाली कुणाला सांगू नका. सांगायचं काम माझं आहे."