सासऱ्याला ओव्हरटेक

बन्सीलालआप्पांची दमणी रस्त्याच्या मधोमध चालली होती आणि तिच्यामागून, बैलांच्या चालीनं, रंजनाबाईंची फियाट.

रंजनाबाई म्हणजे मुंबई-मद्रासच्या मोटार शर्यतींत भल्याभल्यांना धूळ चारलेली बाई. जिंकलेले कप ठेवायला घरात फडताळ उरलं नाही, तेव्हा त्या भाषणं देऊ लागल्या. 'कुणाच्या मागे राहू नका' हा ठरलेला विषय. आज रनाळ्याला तेच बोलायचं होतं. तिथला मुलींचा वर्ग बंद करायला शिक्षणखात्याचे साहेब आले होते. 'पोरी पाठवू' असं पालकांनी सभेत कबूल केलं, तरच वर्ग वाचणार होता.

अडचण एवढीच, की दमणीतले आप्पा त्यांचे सासरे होते. तेही त्याच सभेला निघाले होते, वर्ग बंदच करा असं सांगायला. सुनेच्या मोटारीत बसायचं नाही म्हणून मुद्दाम बैल जुंपले होते. सुनेनं सासऱ्याच्या पुढे जायचं नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही घरची रीत. हॉर्न हेही बोलणंच की!

तेवढ्यात मागून बस आली. ड्रायव्हर नवलसिंगनं भोंगा दाबून धरला. रंजनाबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"नको वाजाडू रे भाऊ! मामास्ले वाटी मीच वाजाडी ऱ्हायनी!"

"मंग काढा ना पुढे, वहिनी! शर्यतमा तं समदास्ले मांगे टाकतस तुम्ही!"

"तठे मन्हा सासरा नही ऱ्हास!"

बसमागे कापसाच्या गाड्या तुंबल्या. त्यामागे वाजंत्री घेऊन एक वरात. आप्पांनी वळून पाहिलं आणि एवढी माणसं आपल्या मागे आहेत म्हणून मिशीला पीळ दिला.

शेवटी रंजनाबाई उतरल्या, पदर ओढून बैलापाशी गेल्या.

"चांद्या, मामास्ले सांग, मन्हा शेजारी बठा. कोनी पुढे नही, कोनी मांगे नही."

"चांद्या, तिले सांग, मी बठाव नही!"

चांद्यानं दोघांचंही ऐकून घेतलं आणि शेपटी हलवली.

नवलसिंग ओरडला, "आप्पा, साहेब मन्हाच बसमा परत जातीन! मंग तुम्हनं भाषन कोन आयकी? हाऊ चांद्या?"

हा मुद्दा आप्पांना पटला. बैल घराकडे वळवून दिले. त्यांना वाट पाठ होती. आप्पा डोळे मिटून फियाटमध्ये बसले.

पहिल्या वळणावर पागोटं मागच्या सीटवर गेलं. दुसऱ्या वळणावर आप्पांनी एक डोळा उघडला. पुढे एक ट्रक धूळ उडवत होता. आप्पांना ते सहन झालं नाही.

"तो कसाले पुढे जाई ऱ्हायना? काढ, वहू, काढ!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते सुनेशी थेट बोलले ते हे पहिलं वाक्य.

रनाळ्यात बसच्या कितीतरी आधी फियाट पोचली. आप्पा बोडक्यानंच व्यासपीठावर चढले. "भाऊसहो, वहूनी गाडी चालाडी म्हनीसन मी येळवर उनू! पोरीस्ले शिकाडा! आनि हौ, वळनवर कोनी डोया मिटू नका!" बस आली, साहेबांना न घेताच गेली, तरी आप्पा बोलतच होते. पालकांचे हात वर झाले. वर्ग वाचला. रंजनाबाईंना बोलायला काही उरलंच नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढल्या आठवड्यात प्रकाशा गावाहून भाषणाचं बोलावणं आलं. ते आप्पांना होतं. त्यांनी लगेच होकार दिला. अट एकच: गाडी सूनबाई चालवतील, आणि रस्त्यात निदान दोन तरी ट्रक असावेत.