यात फॅमिली राहू शकते का?

आमच्या शेजारच्या ढोमणे काकू चित्र पाहत नाहीत. चित्रात त्या राहायले जागा पाहतात.

विद्यापीठाच्या आर्ट गॅलरीत प्रदर्शन लागलं की काकू कंपाउंडवरून हाक मारतात, "गाडी काढ गा, पाहून येऊ." मी काटोलचा, इथं नागपुरात मामाकडे शिकायले राहतो, आणि माझ्याजवळ बाइक आहे. कलेच्या क्षेत्रात माझी एवढीच पात्रता.

काकूंनी आयुष्यभर घरामागच्या खोल्या भाड्यानं दिल्या. म्हणून चित्र कोणतंही असो, आधी कमरेवर हात, मग चौकशी. जंगलाचं चित्र असलं तर, "उजेड नाही." समुद्राचं असलं तर, "ओल येत असन." एकदा एका प्राध्यापकांनी नुसते लाल-काळे फटकारे मारले होते. हा मनातला कोलाहल आहे, असं ते समजावून राहिले होते. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बॅचलर राहीन. फॅमिली नाही राहणार." ते प्राध्यापक अजूनही मले पाहून रस्ता बदलतात.

कॉलेजात मी काकूंची नक्कल करतो. एकदा घरासमोर मित्रांले दाखवताना फाटकातून त्यांनीच पाहिली. म्हणाल्या, "उजवा हात ठेवते मी कमरेवर. डावा नाही."

उद्घाटनाले मात्र काकू जात नाहीत. "पहिल्या दिवशी सारेच येतात. दुसऱ्या दिवशी ते चित्रवालं पोट्टं एकटं बसून राहते खुर्चीवर. तवा जा लागते."

यंदा उन्हाळा लागता लागता त्यांचा मंगेश पुण्याहून फोनवर फोन करून राहिला होता. घर बिल्डरले देऊन टाक, माझ्या फ्लॅटवर ये. त्याच्याच सांगण्यावरून काकूंनी नवे भाडेकरू घेणं बंद केलं होतं. येत्या रविवारी तो होकार घ्यायले येणार होता.

"काय सांगणार काकू?" मी विचारलं.

"आधी प्रदर्शन पाहून येऊ."

दुसरा दिवस, गॅलरी रिकामी. चित्रं काढणारी पायल एकटीच मोबाइल चाळत बसली होती. भिंतीवर साऱ्या भाड्याच्या खोल्या, नागपूरजवळच्या वाडीतल्या. कॉट, खुंटी, दोरीवरचा टॉवेल. माणूस एकाही चित्रात नाही. मी मनात म्हटलं, आज काकूंची दिवाळी.

पण काकू पुढं सरकेचना. एकाच चित्रासमोर उभ्या. हातही कमरेवर नाही.

"नाही आवडलं का काकू?" पायलनं घाबरत विचारलं.

"उशीले खड्डा हाय," काकू म्हणाल्या. "आताच उठून गेलं कोणीतरी."

"हो. तेच काढत होती मी."

"तू कुठं राहते वं?"

"याच खोलीत. घरमालक रंगाच्या वासावरून कटकट करते. खाली करा म्हणते."

काकू तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या, त्या गॅलरी बंद होईपर्यंत उठल्या नाहीत. तिसरी खुर्ची नव्हती. मी उभा.

रविवारी मंगेश आला तेव्हा मी साखर मागायच्या निमित्तानं तिथंच होतो. बॅग ठेवायले त्यानं आपल्या जुन्या खोलीचं दार उघडलं. आत रंगांचे डबे, कॅनव्हास, आणि त्याच्या कॉटवर पायलची चादर.

"आई, हे काय?"

"खोली देली भाड्यानं."

"माझी खोली?"

"मागच्या गळतात ना बाबू."

"अगं, पण घर विकायचं आहे ना आपल्याला?"

"आता कसं इकता येईन? भाडेकरू हाय घरात. पोरीले रस्त्यावर काढू का?"

"भाडं काय ठरलं?"

"ठरवू. घाई काय हाय?"

मंगेशनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

पायल तिथंच राहते आता. काकूंची अट एकच, खोलीचं दार लावायचं नाही. हवा खेळती राहते म्हणतात. तेही मे महिन्यात, जेव्हा सारं नागपूर दारं-खिडक्या लावून कूलरसमोर पडलं असते.

परवा पायल म्हणाली, "काकू, झळ येते ना आत. लावू का?"

"राहू दे वं," काकू आतून म्हणाल्या. "तू पाण्यात ब्रश धुते, तो आवाज येते मले इकडं."