आप्पांचं जेवण, एव्हीआयमध्ये

आमच्या शेजारचे देविदास आप्पा जेवायला बसताना इस्त्रीचा शर्ट घालतात. कामावर जाताना मळका, बाजारात जाताना चुरगळलेला आणि जेवताना मात्र कडक इस्त्रीचा. सिल्वासात उन्हाळ्यात अंगावर बनियनसुद्धा नकोसं होतं. पण आप्पा कंपनीतून येतात, अंघोळ करतात, भांग पाडतात, गळ्याशी गुंडी लावतात आणि मग ताटावर बसतात. समोर पिठाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला असतो. त्याला ते एकेक पदार्थ उचलून दाखवतात. "ही बघ भाकरी. हे वांगं. ताक थंड आहे, पण थोडंच घेतो."

मी कोणाच्या घरात डोकावणारा माणूस नाही. त्यांची खिडकी आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीसमोर येते, एवढंच. आणि हल्ली आमचे कपडे वाळायला जरा जास्त वेळ लागतो.

बिल्डिंगीत तर्क लढवून झाले. माणूस एकटा, लग्न जमवता जमवता राहून गेलेलं, तेव्हा डोक्यावर परिणाम झाला असावा, असं एक मत होतं. वरच्या मजल्यावरच्या हंसाबेननी मात्र सरळ विचारलं, "आप्पा, तमारी चॅनलनुं नाम शुं छे?" त्या सबस्क्राइब करायला मोबाईल घेऊनच उतरल्या होत्या.

"चॅनल नाही बेन," आप्पा म्हणाले, "घरगुती आहे."

आप्पा मूळचे खानदेशातले, शिरपूरकडच्या एका खेड्यातले. इथे रांध्याकडच्या एका धाग्याच्या कंपनीत फिटर आहेत. जेवण झालं, की हात पुसत आमच्या दारात येतात. "सर, नेट जागं आहे का?" मी सरकारी कचेरीतला कारकून, मला सर म्हणणारा सबंध सिल्वासात हा एकटाच. म्हणून असेल, पण आमचं नेट त्यांच्यासाठी नेहमी जागं असतं.

मग ते आमच्या कॉम्प्युटरसमोर बसतात आणि मोबाईलमधला व्हिडिओ एका फुकटच्या साइटवर टाकून त्याची एव्हीआय फाईल करून घेतात. सारी भाषा कंपनीची. अपलोड सुरू झालं की "माल चढला". डाउनलोड झालं की "माल उतरला". मधेच अडकलं की "लाइन बंद पडली, भो". एकदा मी विचारलं, की तो व्हिडिओ तिकडे जाऊन नेमकं काय होतं? ते म्हणाले, "कच्चा धागा मशीनला लावतो, पक्का होऊन निघतो. धागा तोच, गुंडाळी वेगळी." याहून सोपं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्या साइटवर मोठमोठी हिरवी बटणं असतात आणि ती सगळी खोटी असतात. खरं बटण कोपऱ्यात, बारीक आणि राखाडी. सुरुवातीला आप्पा फसले. कॉम्प्युटर त्यांचं अभिनंदन करून बक्षीस द्यायला लागला. आप्पांनी त्याला हात जोडले आणि "नको बाबा, फाईल दे," म्हणाले. आता ते तरबेज आहेत. बिल्डिंगीतले लोक साखरपुड्याचे, गरब्याचे व्हिडिओ घेऊन त्यांच्याकडे येतात. आप्पा हात लावायच्या आधी एकच विचारतात, "बघणार कोण?" बघणाऱ्याचा टीव्ही कुठला, मोबाईल कुठला, चष्मा आहे का, हे कळल्याशिवाय ते फॉरमॅट ठरवत नाहीत.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "आप्पा, हे काम करणारं सॉफ्टवेअर तुमच्या मोबाईलमध्येच टाकून देतो. रोजची खेप वाचेल."

"ते माहितीये मला," आप्पा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "पण मग तुमच्याकडे काय म्हणून यायचं, सर?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

एवढा खटाटोप कोणासाठी, हे विचारायचं धाडस शेवटी माझ्या बायकोनं, मंगलनं केलं. "आप्पा, तुमचं जेवण बघतं तरी कोण?"

"माय," आप्पा म्हणाले.

त्यांची आई गावी धाकट्या भावाकडे असते. आताशा तिला काही आठवत नाही. भाऊ ओळखू येत नाही, दिवस की रात्र कळत नाही. मात्र ताट पुढे आलं, की एकच प्रश्न ठरलेला, "मन्हा आंडोर जेवना का?" आंडोर म्हणजे मुलगा, जेवना म्हणजे जेवला, आणि तो मुलगा म्हणजे आप्पा. मुलाचं जेवण डोळ्यांनी दिसल्याशिवाय ती तोंडात घास घालत नाही. व्हिडिओ कॉल करून पाहिला. मोबाईलवर आप्पांना बघून म्हातारी रडायलाच लागली. मुलगा एवढासा कसा झाला म्हणून. टीव्हीवर मात्र तो बरोबर मापाचा दिसतो. त्यांचा टीव्ही जुना आहे, पेनड्राइव्ह घेतो, पण एव्हीआयशिवाय दुसरं काही चालवत नाही.

"मग एकच व्हिडिओ रोज लावायचा," मी म्हणालो.

"लावला होता. म्हणे, हे तर कालचंच वांगं. आणि शर्टही तोच." आप्पांच्या आवाजात अभिमान होता. "बाकी सगळं विसरली सर, पण मी काय खाल्लं ते विसरत नाही."

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि आखाजी आली. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि दिवाळीइतका मान देतात. मंगलनं आप्पांना पुरणपोळी आणि आमरस पाठवला. आप्पांनी नवा शर्ट काढला, एकेक पोळी सावकाश दाखवत, मायच्या हातच्या पोळीची आठवण काढत भलतं लांबलचक जेवण केलं. नंतर रात्रपाळीला जायची घाई. माल चढवला, उतरवला आणि न बघताच भावाला पाठवून दिला.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी आप्पा आमच्या दारात उभे. अंगात बनियन.

"वहिनी, माय जेवत नाही."

फुकटची साइट लांब व्हिडिओ मधेच कापते, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. गावच्या टीव्हीवर आप्पांनी दुसऱ्या पोळीचा तुकडा मोडला, आमरसाच्या वाटीकडे हात नेला आणि पडदा काळा झाला. म्हातारीनं आपल्या परीनं अर्थ लावला. सणाच्या दिवशी मुलगा भरल्या ताटावरून उठला. कोणीतरी त्याला बोललं असणार. तेव्हापासून तिनं ताट सरकवून ठेवलं होतं. भावानं जुने सगळे व्हिडिओ लावून बघितले. ती म्हणे, "हे आधीचं. उठल्यावर बसना का तो?"

"माझ्या पुरणपोळीवरून उठला?" मंगल एवढंच म्हणाली आणि तिनं डाळ शिजत घातली.

आप्पांचं म्हणणं, नवं जेवण उपयोगाचं नाही. त्याच ताटावर परत बसलेलं दिसायला हवं. तोच शर्ट, तीच वाटी, पोळी तिथेच मोडलेली. मंगलनं तुटका व्हिडिओ बघत ताट मांडलं. चटणीसुद्धा जिथल्या तिथे. मग प्रश्न आला, आप्पा उठले का होते?

"दारावर कोणीतरी आलं होतं, असं सांगा," मी सुचवलं.

"नुसतं सांगून नाही पटायचं. माणूस दिसला पाहिजे."

दोघं माझ्याकडे बघायला लागले.

मी मोबाईलसमोर उभा राहिलो. म्हणालो, "मातोश्री, त्या दिवशी काही अपरिहार्य कारणास्तव..." आप्पांनी थांबवलं. "सर, माय आहे. कचेरी नाही." मी पुन्हा उभा राहिलो. "मावशी, माझी चूक झाली. आप्पा जेवत होते आणि मीच बाहेरून हाक मारली. आता बसवलंय त्यांना." मला कानही पकडायला लावले. नोकरीत मी कोणापुढे इतका वाकलेलो नाही.

आप्पा जेवले. सकाळपासून तेही उपाशीच होते. वाटी बोटानं पुसून घेतली, रिकामं ताट मोबाईलला दाखवलं आणि म्हणाले, "पोटभर जेवनू, माय." मग व्हिडिओचे छोटे छोटे तुकडे करून एकेक माल चढवला. लाइन मधेच बंद पडली, पुन्हा सुरू केली. या वेळी उतरलेली प्रत्येक फाईल आप्पांनी शेवटपर्यंत बघितली. तिकडे भाऊ पेनड्राइव्ह घेऊन शिरपूरला नेटच्या दुकानात बसून होता.

संध्याकाळी भावाचाच व्हिडिओ आला. त्यानं तो आपल्या मोबाईलवर काढला होता. आम्ही तिघं टेबलाशी बसून बघितला. एक वाळकीशी म्हातारी टीव्हीसमोर ताट घेऊन बसली होती. मी पडद्यावर आलो, तेव्हा ती चिडून म्हणाली, "त्या बाबाले सांगा, जेवताना मानूसले हाक मारू नही." मंगल हसायला लागली. मग टीव्हीतले आप्पा जेवू लागले आणि म्हातारीही जेवू लागली. त्यांचा एक घास, तिचा एक घास.

टीव्हीतल्या आप्पांनी रिकामं ताट दाखवलं. म्हातारीचंही संपत आलं होतं. तिनं शेवटची अर्धी पोळी तशीच ठेवली. मग त्यातला तुकडा मोडून, गुडघ्यावर सरकत टीव्हीजवळ गेली आणि काचेला, आप्पांच्या तोंडापाशी धरला. "आजून एक घास ले, भाऊ." ती हात तसाच धरून बसली. धाकटा मागून "माय, पुरे आता," म्हणत होता, तरी हात खाली येईना. तिथे व्हिडिओ संपला.

एरवी मला पटकन भरून येत नाही.

आप्पांनी दुपारी एवढ्या पोळ्या खाल्ल्या होत्या, की त्यांना नीट बसवतही नव्हतं. तरी ते मान वर न करता म्हणाले, "वहिनी, एखादी पोळी उरलीये का?"

मंगलनं ताट वाढून आणलं. आप्पांनी पहिला तुकडा मोडला आणि तोंडात घातला. "तूप वाढू?" मंगलनं विचारलं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि हळूहळू सगळी पोळी संपवली.