डुलीचंदकाकांचं गवत

क्लबाच्या पहिल्याच सामन्याला प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांना डुलीचंदकाकांनी जोडे काढायला लावले होते. गळ्यात हार, खांद्यावर शाल, मागे पंचवीस कार्यकर्ते, आणि समोर बनियन-हाफपँटीतला, हातात बांबूची काडी घेतलेला हा सहा फुटी म्हातारा. "आत जायचं असन त जोडे येथी ठेवा जी." पुढाऱ्यांना वाटलं, पूजा असेल. त्यांनी जोडे काढले. कार्यकर्त्यांनीही काढले. मैदानाच्या मधोमध जाऊन पुढाऱ्यांनी चारी बाजूंना पाहिलं आणि हात जोडूनच विचारलं, "मूर्ती कुठे आहे?"

मूर्ती नव्हती. गवत होतं.

आमच्या शेठजींच्या तीन राइसमिल. त्यांच्या डोक्यात एक दिवस फुटबॉल शिरला आणि गोंदियाच्या बाहेर, मिलच्या मागच्या जागेवर, एक व्यावसायिक क्लब उभा राहिला. तो देशातल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये कसा जाऊन बसला ते शेठजींनाच ठाऊक. मी ऑफिसात कारकून. खेळाडूंची तिकिटं, धोब्याकडचे कपडे, डॉक्टरची वेळ, सगळं माझ्याकडे. फुटबॉलमध्ये एका बाजूला अकरा जण असतात हे मला नोकरीच्या तिसऱ्या दिवशी कळलं.

डुलीचंदकाकांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. काका मूळचे दवनीवाड्याचे, पक्के धानवाले. काकू गेल्या, बांध्या, म्हणजे भाताची शेतं, पुतण्यांनी कसायला घेतली, आणि हे मैदान सांभाळायला म्हणून पंपाशेजारच्या खोलीत राहायला आले. "साठ वर्षं धानातून गवत उपटलं बाई," ते म्हणायचे, "अन् आता त्याच गवताले बसून पानी पाजून राहिलो. काकू वरून हासत असन."

हसण्याचा हा एवढाच विषय. बाकी वेळ माणूस संतापलेला. खेळाडू मैदानात शिरले की काका रेघेबाहेर येरझारा घालत. कोणी घसरत जाऊन चेंडू काढला की यांची आरोळी, "बैलं बरे! बैलं तरी पाय पाहून टाकतेत!" चौथ्या सामन्यात आमच्याच बचावपटूने गवताचा हातभर पट्टा सोलून काढला, तेव्हा काका खुरपी घेऊन सरळ आत धावले. खेळ चालू होता. पंचाने शिट्टी मारून यांना पिवळं कार्ड दाखवलं. "पिवळं मले दाखवून राहिला?" काका ओरडले, "पिवळं त माहं गवत पडून राहिलं!" त्यांना बाहेर काढायला चार जण लागले.

सगळ्यात मोठा वैरी म्हणजे गोलकीपर एतवा. झारखंडकडचा, वय तेहतीस, डाव्या गुडघ्याला पट्टा, गावी बायको आणि तीन लेकरं. आमच्या क्लबानंतर त्याला कोणी घेणार नाही हे त्यालाही माहीत होतं. त्याला एक खोड होती. प्रत्येक किक मारण्याआधी तो बुटाने गोलसमोरची जमीन खरवडायचा, कोंबडी उकिरडा खरवडते तशी. दर सामन्यानंतर तिथे टक्कल पडायचं.

"काऊन खोदून राहिला बे? बोरिंग मारून राहिला काय?"

"चाचा, निशान लगाता हूँ."

"निशान घरी लाव!"

रोज संध्याकाळी सराव संपला की एतवा त्या टकलापाशी यायचा आणि काका त्याला मातीची टोपली उचलायला लावायचे. दोघं तासभर भांडत. एक इकडच्या झाडीबोलीत, एक त्याच्या हिंदीत. कोणाला कोणाचं किती कळत होतं कोण जाणे. ऑफिसच्या खिडकीतून मला ते रोज ऐकू यायचं आणि मी खिडकी लावून घ्यायचे.

हंगाम वाईट चालला होता. आम्ही हरत होतो, कधी बरोबरी, पुन्हा हरत होतो. शेवटचे तीन सामने उरले तेव्हा आम्ही तळाच्या एक पायरी वर होतो. तळाचा संघ तिसऱ्या श्रेणीत जाणार. आणि नेमक्या त्याच वेळी शेठजींनी पुतण्याच्या लग्नाचा मांडव मैदानावर घालायचं ठरवलं.

मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. पुढचे दोन सामने बाहेरगावी आहेत, मैदान रिकामंच आहे, असं त्यांचं म्हणणं. मांडववाल्याला परवानगीचं पत्र मीच टाइप केलं. मैदानाचा नकाशाही मीच काढून दिला, मांडव कुठे, भट्ट्या कुठे, गाड्या कुठे. एका शब्दाने नाही म्हटलं नाही. नोकरी होती.

काकांनी नाही म्हटलं. फाटकाला आतून कुलूप घातलं आणि खाट आडवी टाकून वर बसले. बाहेर मांडवाचे ट्रक. शेठजी स्वतः आले.

"डुलीचंद, मैदान किसका है?"

"तुमचं जी."

"तो हट."

"मैदान तुमचं. गवत माहं."

शेठजींनी मांडववाल्याच्या माणसांना खूण केली. कुलूप तोडलं गेलं. चौघांनी खाट काकांसकट उचलली आणि पंपाच्या खोलीपाशी नेऊन ठेवली. काका खाटेवर उभे राहून शिव्या देत होते, वरात निघाल्यासारखे. लोक हसत होते. मीही हसले असेन. आता त्याची लाज वाटते.

लग्न झाल्यावर मी मैदान पाहायला गेले. सात भट्ट्यांची सात काळी वर्तुळं. जिलेबीचा पाक सांडला होता तिथे मुंग्यांची फौज. खुंट्यांची भोकं, प्लास्टिकचे चमचे, आणि मधल्या वर्तुळात कोणीतरी सांडलेलं कढईभर तेल. काका त्या तेलाजवळ उकिडवे बसले होते. मी गेले तेव्हा ते बोटांनी तेलकट माती उकरून टोपलीत टाकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवनीवाड्याहून एका मालवाहू टेम्पोतून चौदा बाया उतरल्या. पदर खोचलेले, हातात काही नाही. काकांनी पंपामागे, कोणाला न विचारता, हरळीचा एक मोठा वाफा वाढवून ठेवला होता. धानाचे परे, म्हणजे रोपं, उपटावेत तशा बायांनी त्या गवताच्या जुड्या उपटल्या, मैदानावर दोरी ताणली, आणि ओळीने वाकून, मागे मागे सरकत गवताची रोवणी सुरू केली.

"काका, फुटबॉलच्या मैदानात रोवना?" त्यातली एक हसून म्हणाली. "कापनीले बी बोलावजा मंग!"

"तोंड चालवू नोको, हात चालव."

कोच केरळकडचा. तो माझ्याशेजारी उभा राहून बराच वेळ पाहत होता. मग हळूच म्हणाला, "मॅडम, ये लोग क्या ढूँढ रहे हैं?"

एतवा न बोलता त्या बायांच्या ओळीत जाऊन वाकला. दोन मिनिटांत काकांनी त्याला कॉलर धरून ओढलं. "वाकडं लावून राहिला! गोलकीपर हायेस, अन् धड वाकता येत नाही?" एतवा हसला, "तो आप सिखाओ ना, चाचा." आणि काकांनी त्याला शिकवलं. शिव्या देत शिकवलं, पण संध्याकाळपर्यंत शिकवलं.

बाहेरचे दोन्ही सामने आम्ही हरलो. शेवटच्या सामन्यापर्यंत भट्ट्यांचे डाग सोडले तर मैदान हिरवं झालं होतं. गणित सोपं होतं. बरोबरी झाली तरी वाचणार, हरलो तर तिसऱ्या श्रेणीत. स्टँड भरला होता. लग्नातले पाहुणेसुद्धा आले होते, शेठजींनी बोलावलेले.

सामना एक-एक बरोबरीत होता. संपायला चारपाच मिनिटं उरली होती. समोरच्या खेळाडूने लांबून एक साधा चेंडू मारला. मारला म्हणजे काय, ढकलला. तो गवतावरून सरपटत एतवाकडे आला. लहान लेकरानेही धरला असता. एतवा वाकला, त्याचा पट्ट्याचा गुडघा आडवा आला, आणि चेंडू हातांखालून, पायांमधून, हळूहळू जाळीत गेला.

स्टँडमधून एकच ओरडा उठला. मग शिव्या. "जंगली", "बिकाऊ", आणखी काय काय. पाण्याच्या बाटल्या आल्या. शेवटची शिट्टी वाजली, आम्ही हरलो, आणि शेठजी खुर्च्या उडवत खाली उतरले. मागे पाहुणे, मागे मोबाइल वर धरलेली पोरं, आणि कागदांची फाइल कवटाळून मी.

एतवा गोलच्या खांबाला टेकून खाली बसला होता. हातमोजे अजून हातात होते.

त्याच्या पुढ्यात डुलीचंदकाका दिसले. गोलमागून ते कधी आले कळलं नाही. आमच्याकडे पाठ करून ते जमिनीवर वाकले होते, हात गवतात. मला इतका संताप आला! एक माणूस तिथे संपून चाललाय आणि या म्हाताऱ्याला अजून गवत सुचतंय. मी ओरडणारच होते, पण शेठजी आधी पोचले.

"कितने में बेचा?" शेठजी एतवावर ओरडले. "बोल! पुलिस बुलाऊँ? लीग को लिखता हूँ, ज़िंदगीभर खेलेगा नहीं तू!"

एतवा खांबाला धरून उठायला लागला.

"त्याले कायले बोलून राहिले?" काका उभे राहिले. मांडीला हात पुसत म्हणाले, "येथी पाहा. खड्डा हाय. चेंडू उसळला न् हातातून सुटला. पोट्ट्याची गलती नाही."

सगळे वाकले. खड्डा होता. मूठभर, चांगला खोल. मोबाइलवाल्या पोरांनी त्याचे फोटो काढले.

"ये गड्ढा आया कहाँ से?"

"तुमच्या मांडवाचा खुटा गाडला होता जी. बाकी सारे बुजवले, हा माह्या नजरेतून सुटला. गलती माही हाय."

मांडवाचं नाव निघालं तसे पाहुणे इकडेतिकडे पाहू लागले. शेठजींचा चेहरा लाल झाला. मांडवाचा दोष त्यांना कोणावर तरी ढकलायचाच होता, जागा मिळाली. "बुड्ढे, तेरी वजह से क्लब डूबा! कल सुबह मेरे को यहाँ दिखना मत!" लोकांनी काकांना शिव्या दिल्या. रोज एका शब्दाला दहा शब्द देणारा माणूस त्या दिवशी खाली मान घालून उभा राहिला. एतवा त्यांच्याकडे एकटक पाहत होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की मैदान सांभाळणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे क्लब खाली गेला.

काढून टाकल्याचं पत्रही मीच टाइप केलं. ते घेऊन सकाळी मैदानावर गेले. वाटेत तो खड्डा लागला, आणि मी थांबले.

या टोकाला मांडव नव्हताच. इथे गाड्या उभ्या होत्या. नकाशा मीच काढला होता. इथे खुंटा गाडायचं काही कारणच नव्हतं. मी खाली बसून पाहिलं. खड्ड्याच्या कडा ताज्या होत्या, मुळं पांढरी, अजून ओलसर. उपटलेला गवताचा गोळा जाळीच्या मागे फेकलेला सापडला. हाताने उपटलेला, बोटांचे ठसे मातीत तसेच.

काका खोलीत पिशवी भरत होते. दोन सदरे, एक गोधडी, काकूंचा फोटो. त्यांच्या नखांत माती होती.

"काका, तो खड्डा तुम्ही केला."

"तुमी कारकून ना? मंग आपले कागद पाहा," ते उसळले. "मैदानातलं तुमाले काय समजते?"

"त्याच्यासाठी? रोज तर तुमचं भांडण व्हायचं."

काका पिशवीचे बंद आवळत राहिले. 

"रोज भांडाले येत होता ना पण," ते म्हणाले. "काकू गेल्यापासून माह्याशी बसून भांडाले दुसरं कोन आलं, सांगा."

मी पत्र पुढे केलं. त्यांनी न वाचताच घडी घालून खिशात टाकलं. पिशवी खांद्याला लावली, दारात थांबले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाई, एक काम करा. वाफ्यात थोडं गवत उरलं हाय. त्या खड्ड्यात मूठभर माती टाका, गवत लावा, वरून पानी द्या. जास्त दाबजा नोको."

"तुम्हीच लावून जा ना काका. पाच मिनिटांचं काम."

"मले तिकडे पाहवत नाही जी," काका म्हणाले.

बसस्टॉपकडे जायला मैदानातून सरळ वाट होती. काका स्टँडच्या मागून, मिलच्या भिंतीला लागून, लांबच्या वाटेने गेले.