डोंगरी मेर्लोला अजून दहा वर्षं

चांगली वस्तू माणसाला थांबायला लावते, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. डोंगरउतारावर पिकलेली मेर्लो ही लाल वाइन या बाबतीत फारच चांगली. सपाटीवरची मेर्लो लगेच पिता येते, म्हणून तिला मान कमी. डोंगरावरच्या थंडीत द्राक्ष सावकाश पिकतं, साल जाड होते आणि वाइनला असा कडक स्वभाव येतो, की ती बाटलीत किती वर्षं ठेवावी हे सांगायला एक आख्खी संस्था लागते.

या संस्थेच्या ज्येष्ठ परीक्षकांना सगळे नाकसाहेब म्हणत. (नाक मोठं होतं म्हणून नव्हे, तसं ते होतंही.) काही वर्षांपूर्वी एका साध्या सर्दीत त्यांचा वास गेला, तो परत आलाच नाही. घरी बायकोच्या ते लगेच लक्षात आलं. "अहो, तुमच्या नाकाखाली दूध करपलं की!" ती म्हणाली. संस्थेत मात्र कुणाला पत्ता लागला नाही. पूर्वी ते वाइनमधले वास एकेक करून सांगत, तेव्हा लोक वाद घालायचे. आता ते ग्लासात नाक खुपसत, डोळे मिटत आणि "अजून दहा वर्षं" एवढंच म्हणत. त्याच वर्षी त्यांना बढती मिळाली. सर्दीनंतरचे त्यांचे शंभर टक्के निर्णय निर्विवाद ठरले आहेत, असं संस्थेचा अहवाल सांगतो. (एकाचीही मुदत अजून भरलेली नाही.)

शास्त्र सोपं होतं. जिभेला आंबट लागलं की वाइन तरुण, जास्त आंबट लागलं की जास्त तरुण. आरशासमोर दाढी करताना नाकसाहेब त्या नाकाकडे बघत आणि मनात म्हणत, बाबा रे, तू कामावर येत नाहीस, पण पगार तुझ्याच नावावर चालू आहे.

डोंगरावरचा एक म्हातारा मळेवाला आणि त्याची बायको दर वर्षी आपल्या पहिल्या पिकाची एक बाटली घेऊन येत. ही वाइन ऐन बहरात आली की दोघांनी मिळून प्यायची, एवढीच त्यांची हौस. नाकसाहेब घोटभर चाखत, थुंकत आणि "थांबा" म्हणत. उरलेली बाटली नियमाप्रमाणे बेसिनमध्ये ओतली जाई. ही वाइन दर वर्षी अधिकच तरुण होत चालली होती. या दुर्मिळ गुणाबद्दल संस्थेने मळ्याला प्रशस्तिपत्रही दिलं होतं.

यंदा मळेवाला जिना चढून आला तो धापा टाकत. बायकोने त्याला खुर्चीत बसवलं आणि बाटली टेबलावर ठेवली.

"साहेब, ही शेवटची," तो म्हणाला. "नीट सांगा. उघडू का ठेवू?"

'दहा' हा शब्द नाकसाहेबांच्या ओठांवर आलाच होता. समोरच्या माणसाकडे दहा वर्षं नाहीत, हे कळायला नाकाची गरज नव्हती. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"काका," ते म्हणाले, "मला वासच येत नाही हो. तुम्ही पहिल्यांदा आलात ना, तेव्हापासून नाही."

मग म्हातारीने बाटली पुढे सरकवली. "उघडा," ती म्हणाली. तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आंबलीय. काचा पुसायला बरी आहे."

मळेवाल्याने घोट घेतला, हळूच मान हलवली. "मग प्यायची होती तरी कधी?"

"बहुतेक मी पहिल्यांदा थांबा म्हणालो, त्या दिवशी."

"मी तेव्हाच म्हणत होते," म्हातारी नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही म्हणालात, साहेबांना जास्त कळतं." आणि तिने त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला.

नाकसाहेबांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. संस्थेने तो योग्य काळी विचारार्थ ठेवून दिला आहे.

आपण हसलात, याचा संस्थेला आनंदच आहे. मात्र आपल्या कपाटातली घडी न मोडलेली चांगली साडी, पुढच्या सुट्टीवर ढकललेला प्रवास आणि ज्याच्याशी एकदा बसून बोलायचं आहे तो भाऊ, यांना वर्षानुवर्षं 'थांबा' कोण सांगतं, याचीही संस्थेने कसून चौकशी केली. त्यातल्या एकाही निर्णयावर आमच्या परीक्षकाची सही नाही.