डेस्मंडचा ॲग्रिगेट

डेस्मंड थॅकरे हा लिटल हॅक्सबी गावच्या भाजी-फुलं प्रदर्शनाचा सेक्रेटरी झाला, आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोनं, बेरिलनं, कपाळाला हात लावला. नवरा नुसता रिकामा असला तर घरापुरता त्रास असतो. त्याला पद मिळालं की अख्ख्या गावाला होतो.

प्रदर्शनाचा मोठा कप दरवर्षी भाज्यांत सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याला जायचा. म्हणजे नेव्हिल ऑग्डनला. सलग अकरा वर्षं. आणि सलग अकरा वर्षं दुसरा आमचा डेस्मंड, कधी एका गुणानं, कधी एका कांद्यानं. मरायच्या आधी एकदा तरी तो कप आपल्या शेकोटीवरच्या फळीवर दिसावा, एवढीच त्याची इच्छा होती. (आणि नेव्हिलनं तो तिथे बघावा, ही दुसरी.)

तेव्हा सेक्रेटरीसाहेबांनी नियम बदलला. यापुढे फक्त भाज्या नाहीत, प्रदर्शनातल्या स्पर्धांच्या सगळ्या त्रेपन्न वर्गांचे गुण मिळून कप. आता या 'सगळं मिळून'ला शब्द कोणता छापायचा, यात कमिटीच्या तीन बैठका गेल्या. खजिनदारबाई म्हणाल्या, साधं 'टोटल' म्हणा. डेस्मंड म्हणाला, टोटल वाण्याच्या पावतीवर असते. कुणी 'सम' सुचवला, तर तो म्हणे शाळेच्या पाटीवरचा. त्याला 'ॲग्रिगेट'च हवा होता. वेगवेगळ्या जातीचं एकत्र केलं की ॲग्रिगेट, आणि आपल्याकडे गाजर, जॅम, विणकाम अशा भिन्न जाती आहेत, असं त्यानं जाडजूड कोश आणून सिद्ध केलं. सगळ्यांना घरी जायचं होतं. ठराव मंजूर झाला.

डाव साधा होता. नेव्हिल विधुर माणूस, त्याला भाज्यांपलीकडे काही येत नाही. डेस्मंडनं त्रेपन्नच्या त्रेपन्न वर्गांत नाव घालायचं आणि तिसऱ्या नंबराचा एकेक गुण जरी वेचला तरी डोंगर उभा राहतो. फक्त एक अडचण होती. एका घरातून एका वर्गात एकच जण, हा जुना नियम. आणि जॅम, चटणी, पावाला लावायचं लिंबाचं गोड कर्ड या वर्गांत पहिला नंबर म्हणजे बेरिल, हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक होतं.

"या वर्षी तू भाग घेऊ नकोस," तो म्हणाला. "ते वर्ग मी करतो."

"तू जॅम करणार?"

"त्यात काय आहे? फळं, साखर आणि विस्तव."

"बरं," बेरिल म्हणाली. बावीस वर्षं बायको वाद घालते आणि एक दिवस नुसतं 'बरं' म्हणते, तेव्हा शहाण्या माणसानं घाबरावं. डेस्मंडला बरं वाटलं.

मग त्या स्वयंपाकघराचे जे हाल झाले ते सांगायची सोय नाही. रासबेरीचा जॅम उतू जाऊन शेगडीखाली शिरला आणि तिथेच कायमचा राहिला. चहाची किटली झाकायला त्यानं विणलेली टोपी इतकी लांबली की बेरिलनं ती पायमोजा समजून जोडी विचारली. पुरुषांसाठी खास असलेल्या चॉकलेट केकच्या वर्गासाठी त्यानं सात केक केले आणि फुगतोय का हे बघायला दर पाच मिनिटांनी ओव्हन उघडला. सातही मधोमध बसले. सातव्याचा खड्डा त्यानं आयसिंगनं बुजवला. तो केक एकट्याला उचलवेना. या धुमाकुळात बेरिल दर मंगळवारी कोट चढवून बाहेर पडत असे. कुठे चाललीस, हे विचारायला डेस्मंडला सवड नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक निघून गेल्यावर तंबू उघडला. डेस्मंड वही घेऊन धावत सुटला. भाज्यांत दुसरा. विणकामात तिसरा (स्पर्धक तीन). केकच्या कार्डावर परीक्षकबाईंनी लिहिलं होतं, 'धाडस दिसते,' आणि तिसरा नंबर. बेरीज सत्तेचाळीसवर गेली. जन्मात एवढे गुण त्याला कशातच मिळाले नव्हते. त्याचे डोळे पाणावले.

मग तो जॅमच्या टेबलापाशी पोचला. पहिला, नेव्हिल ऑग्डन. चटणी, पहिला, ऑग्डन. कर्ड, ऑग्डन. पुरुषांचा केक, ताठ, काळाभोर, गुळगुळीत, ऑग्डन. नेव्हिलचे गुण एकोणपन्नास झाले होते.

"हे त्यानं केलेलं नाही," डेस्मंडचा आवाज चिरकला. "तक्रार नोंदवतो मी."

"त्यानंच केलंय, त्याच्याच घरी," बेरिल म्हणाली. "मी फक्त खुर्चीवर बसून सांगत होते. तू मला मोकळी केलीस, त्यानं मला विचारलं."

"माझी बायको असून?"

"तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ओव्हन उघडू नकोस. नेव्हिलनं नाही उघडला."

निकाल माइकवरून सेक्रेटरीनंच वाचायचा असतो. डेस्मंडनं वाचला. 'ॲग्रिगेट' हा शब्द त्याच्या घशात दोनदा अडकला आणि तिसऱ्यांदा ध्वनिक्षेपकातून अख्ख्या मैदानभर गेला. खजिनदारबाई मागून म्हणाल्या की टोटल असता तर एव्हाना म्हणून झाला असता.

नेव्हिल मात्र मनाचा मोठा. कप हातात घेऊन तो म्हणाला, भाज्या माझ्या, बाकी सगळी विद्या बेरिलची, तेव्हा वर्षभर हा तिच्याच घरी राहू दे. टाळ्या पडल्या.

अशा रीतीनं कप अखेर थॅकऱ्यांच्या शेकोटीवर येऊन बसला. पहिल्याच आठवड्यात चौदा जणांनी घरी येऊन डेस्मंडचा हात हातात घेतला, जिंकलास एकदाचा म्हणून अभिनंदन केलं. चौदाही जणांना त्यानं खरं काय ते सांगितलं. प्रत्येक वेळी बेरिल खोलीतच होती.